मांजराच्या वाटणीचं दूध

माझ्या दारातल्या कोरफडीला आता एकही धड पान उरलेलं नाही. कुंडीत नुसते बुडखे उभे आहेत. येणाऱ्याजाणाऱ्या बायका विचारतात, "काय हो ताई, केसांना लावता वाटतं?" मी मान हलवते. कोणाकोणाला सांगत बसू, की ही कोरफड शेजारच्या गाईच्या कासेला लागली, आणि लागूनसुद्धा एक आचळ हातचं गेलं ते गेलंच.

मी शिवणकाम करते. माझं मशीन खिडकीशी आहे आणि खिडकीसमोर आबांचा गोठा. मधे एक बोळ, तोही एवढासा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावावी. शेणाचा वास माझ्या घरात येतो, माझ्या मशीनची खडखड त्यांच्या गोठ्यात जाते, त्यामुळे आजवर कोणी कोणाला नावं ठेवली नाहीत. गोठ्यात काय चाललंय ते मला सगळं दिसतं. मी मुद्दाम बघत नाही. पण डोळे मिटून कोणाला शिवता येतं का?

धार काढण्यात आबांचा हात धरणारा कोणी नव्हता. लाथाळ गाय असली की लोक आबांना बोलावून न्यायचे. आबा जायचे, गाईच्या कुशीला कपाळ टेकवून बसायचे, तिच्याशी काहीतरी पुटपुटायचे, आणि जी गाय मालकाला दोन हात लांब उडवत होती ती मुकाट्याने पान्हा सोडायची. या गोष्टीचा आबांना भारी ताठा. "गाय मला बघून पान्हा सोडते आणि तुम्हाला बघून शेपूट मारते, त्याला मी काय करू?" असं ते चारचौघांत ऐकवायचे. एकेकाळी गोठा भरलेला होता. हळूहळू गाई कमी झाल्या आणि शेवटी दुधाची अशी ठिपकी तेवढी राहिली. तांबूस अंग, त्यावर पांढरे ठिपके. काकींनी तिला वासरू असल्यापासून वाढवली.

काकी म्हणजे आबांची बायको. ती होती तोवर या गोठ्यात एक रिवाज होता. आबांनी धार काढायची, बादली उचलायची आणि बाहेर पडायचं. ते उठले की काकी खुंटीवरचं जर्मनचं वाडगं घेऊन त्यांच्या जागी बसायची आणि मांजराचं दूध काढायची. आधी काढलेल्यातलं ओतून द्यायचं नाही, नव्याने काढायचं. चारही आचळांतून, अगदी शेवटचा थेंब येईपर्यंत. मांजर तोवर तिच्या गुडघ्याशी शेपूट गुंडाळून बसलेलं असायचं, पंगतीला बसल्यासारखं. वाडगं भरायचं. मांजर पिऊन पिऊन किती पिणार? उरलेलं गुपचूप विरजणात जायचं.

"झाली का वाघाच्या मावशीची न्याहारी?" आबा बाहेरून ओरडायचे. "माझी बादली अर्धी आणि हिचं वाडगं काठोकाठ!"

"शेवटचं दूध दाट असतं हो. तिला दाटच लागतं."

"मलाही दाटच लागतं. पण मला कोण विचारतं? मला मिशा आहेत, पण शेपूट नाही ना!"

काकी हसायची. रोज तोच विनोद आणि रोज तेच हसणं. मला कधीकधी वाटायचं, या दोघांना बोलायला दुसरं काही नाही का?

एकदा मात्र आबांचं डोकं फिरलं होतं. त्या दिवशी दूध संकलन केंद्रावर कोणीतरी त्यांना टोचून बोललं होतं, आबा, तुमच्या हाताची जादू ओसरली वाटतं, दूध फार उतरलं. ते घरी आले, काकी वाडगं भरून उठत होती, आणि त्यांनी लाथेने ते वाडगं उडवलं. भिंतीवर आपटलं ते, काठाला पोचा आला. दूध गटारीकडे वाहून गेलं. मी मशीन थांबवलं. काकीने फरशीवर पाणी ओतलं, वाडगं धुतलं, आणि पुन्हा ठिपकीखाली बसली. आचळांत जे काही राहिलं असेल ते काढून मगच उठली. "मी अर्धवट ठेवत नाही," एवढंच म्हणाली.

मी मनात म्हटलं, काय ही बाई! मांजरापायी नवऱ्याचा मार खाईल एखाद दिवशी.

काकी आजारी पडली तेव्हा तिची खाट गोठ्याला लागून असलेल्या खोलीत टाकली. तिथून ठिपकी दिसायची. दिवस दिवस ती तिकडे तोंड करून पडून असायची. शेवटी शेवटी बोलणं फार कमी झालं. एका दुपारी मी तिच्याकरता मऊ कापडाचा सैल झगा शिवून घेऊन गेले होते. आबा उशाशी होते, सून पाय चेपत होती. काकीने डोळे उघडले आणि म्हणाली, "मांजराचं दूध चुकवू नका. कोणी काही म्हणो."

दुसरं काही नाही. डोळे मिटले.

आबा ताडकन उठून बोळात आले. मी मागोमाग बाहेर पडले तर भिंतीला हात लावून उभे. "ऐकलंस?" मला म्हणाले. "जन्मभर संसार केला माझ्याशी, आणि जाताना काळजी कोणाची, तर मांजराची!" डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. खरं सांगायचं तर मलाही ते चमत्कारिकच वाटलं होतं.

काकी गेली. घरात माणसं आली, गेली. सगळं निवल्यावरची पहिली सकाळ मला आठवते. आबांनी धार काढली, बादली घेऊन उठले. सुनेने खुंटीवरचं वाडगं काढलं आणि खाली बसायला वाकली. मांजर तिच्या पायांत घोटाळत होतंच.

"ठेव ते," आबा म्हणाले. "जिचे लाड होते ती गेली."

सुनेने वाडगं परत खुंटीला लावलं. मुकी पोर आहे. म्हणजे बोलता येतं, पण सासरी आल्यापासून बोलणं गिळायची सवय लागलेली. मांजर काही दिवस त्या जागी येऊन बसत राहिलं. मग एके दिवशी ते बोळ ओलांडून माझ्या पायरीवर आलं आणि कोरफडीच्या कुंडीशी उन्हात पसरलं. मी काही निमंत्रण दिलं नव्हतं. पण आलेल्याला उपाशी कसं ठेवायचं? चहातलं दोन घोट दूध बशीत ओतलं. झालं, तेव्हापासून ते माझं.

त्यानंतर ठिपकीला दगडी झाली.

दगडी म्हणजे कासेला सूज. मागचं एक आचळ तापलं, हाताला दगडासारखं लागायला लागलं. त्यातून दुधाऐवजी पिवळट पाणी आणि गाठी. गाय हात लावू देईना. डॉक्टरीणबाई स्कूटरवरून आल्या. उंच, सावळ्या, बोलताना आधी गाईशी बोलतात आणि मग माणसांशी. त्यांनी प्रत्येक आचळातलं थोडं थोडं दूध घेऊन कसल्याशा औषधात हलवून बघितलं, गाईचा ताप मोजला.

"ताप नाही, चारा खातेय, वेळेवर बोलावलंत," त्या म्हणाल्या. "आधी झाडपाल्याचा लेप करून बघू. चांगला गुण येतो त्याला. पण ताप चढला किंवा तिने खाणं सोडलं तर मला लगेच फोन करायचा, वाट बघायची नाही. मग इंजेक्शनच द्यावं लागेल."

लेप साधाच. कोरफडीच्या पानाचे काटे कापायचे, गरासकट तुकडे करायचे, त्यात हळद आणि खायचा चुना घालून वाटायचं. हळदीत चुना पडला की पिवळं होतं ते लालभडक होतं. त्यातलं मूठभर घ्यायचं, पाण्याने सैल करायचं, आणि कास स्वच्छ धुऊन सगळीकडून लावायचं. दिवसातून पुन्हा पुन्हा. रोज ताजं वाटायचं. शिवाय लिंबं चिरून गाईला खायला घालायची.

"पण लेपापेक्षा मोठी गोष्ट सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दरवेळी लावायच्या आधी कास पूर्ण रिकामी झाली पाहिजे. आतलं नासकं आत ठेवून वरून लेप लावणं म्हणजे काटा आत ठेवून वर मलम चोपडण्यासारखं आहे."

कोरफड माझ्या दारात, मिक्सर सुनेचा. सगळी मेहनतही सुनेचीच. सकाळसंध्याकाळची धार आबा काढायचे. ते उठले की ती बसायची, कास पिळून रिकामी करायची, ते दूध खड्ड्यात ओतायची, मग धुवायची, मग लेप. मधल्या वेळीही तेच. पोरीचे हात कोपरापर्यंत लाल. नखांत हळद गेली ती जाईना. मी म्हटलं, "नवरा ओळखायचा नाही तुला." ती हसली. नवरा दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर, तो पहाटे जातो आणि झोपायला येतो, तो कशाला तिची नखं बघतोय!

सूज उतरली. गाठी गेल्या, दूध स्वच्छ झालं. आबा खूश. गल्लीभर सांगून आले, इंजेक्शन नाही, काही नाही, कोरफडीने गाय बरी केली. लेप थांबला.

काही दिवसांनी त्याच आचळाला पुन्हा सूज.

पुन्हा कोरफड, पुन्हा हळद, पुन्हा सून लालेलाल. पुन्हा गुण आला. लेप बंद झाला, आणि थोड्याच दिवसांत आचळ पुन्हा कोमट लागायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोठा कोरडा असतो ना, गाय धारेनंतर लगेच बसते का, हात धुता ना? सगळं ठीक होतं. सून तर फरशी अशी घासायची की माझ्या घरातली फरशी बघून मला लाज वाटावी.

पण माणसाला दोष ठेवायला कोणीतरी लागतं, आणि घरात सून असली की फार लांब जावं लागत नाही.

"ती होती तोवर या गोठ्यात दगडी कशी ती कोणी बघितली नाही," आबा म्हणाले. हे त्यांनी बोळात उभं राहून म्हटलं, म्हणजे मलाही ऐकू यावं म्हणून. "गाय तिच्या हाताखालची होती. तुझ्या हाताखाली आली आणि नासली."

आणि हे खरंच होतं. काकी होती तोवर या गोठ्यात दगडी आली नव्हती. म्हणून तर ते त्या पोरीला इतकं लागलं. ती माझ्याकडे आली, कापडाच्या ढिगाशी बसली आणि ओढणीत तोंड घालून रडली. मग नाक पुसून म्हणाली, "ताई, एक सांगू? आबा उठल्यावर मी लेपाआधी बसते ना, तेव्हाही बरंच निघतं. चांगलं भांडंभर."

"मग सांगत का नाहीस?"

"ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, आबा म्हणतात गाय पान्हा चोरते, तसंच असेल. आणि तसं नसेल, तर आबांना सांगणार कोण?"

बरोबरच आहे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? ज्या माणसाने गावातल्या लाथाळ गाई वठणीवर आणल्या, त्याला सुनेने सांगायचं की तुमची धार अपुरी पडते? मुलाची छाती होईना, तिची कुठून होणार? ती डोळे पुसून घरी गेली. मांजर तेवढं माझ्या पायरीवर आळस देत होतं.

तिसऱ्या खेपेला आबांनी सुनेला गोठ्यातून बाहेरच काढलं. "तू हात लावू नकोस. आता मी करतो सगळं." स्वतः माझ्याकडे कोरफड मागायला आले. काटे स्वतः कापले, लेप स्वतः वाटला. आणि काय निगुतीने केलं म्हणून सांगू! गोठ्यातच मुक्काम. ठिपकीशी बोलत, तिच्या गळ्याखाली खाजवत, इतक्या हळुवारपणे लेप लावायचे की मला खिडकीतून बघताना भरून यायचं. काकीच्या आजारपणात त्यांना हे जमलं नव्हतं. तेव्हा ते नुसते उशाशी बसून राहायचे, अवघडलेले, चुकून दुसऱ्याच्या घरी आल्यासारखे. ते सगळं राहिलेलं आता गाईला मिळत होतं.

एक गोष्ट मी बघितली. धार काढून उठले की ते उजवा हात झटकायचे आणि अंगठा काखेत दाबून धरायचे. मला वाटलं, लेपातला चुना झोंबत असेल.

सूज उतरेना. रोज लेप, रोज लिंबं, आणि आचळ आणखी कडक. मग एका सकाळी ठिपकीने गव्हाणीकडे पाठ फिरवली. अंग तापलेलं, कान पडलेले. सुनेने कोणाला न विचारता फोन केला. पोरीने लग्न झाल्यापासून न विचारता केलेली ती पहिली गोष्ट असेल.

डॉक्टरीणबाई आल्या. मीही गेले, हातात शेवटची दोन पानं होती. त्यांनी ताप बघितला, तोंड बारीक केलं.

"शेवटची धार कधी काढली?"

"आत्ताच," आबा म्हणाले. "हा काय, हात ओला आहे अजून. कास रिकामी आहे."

"एक भांडं द्या."

हाताशी दुसरं काही नव्हतं. सुनेने खुंटीवरचं ते जर्मनचं वाडगं काढून दिलं. बाई खाली बसल्या. दुखऱ्या आचळातून आधी गाठी आल्या, मग पिवळं, वास येणारं पाणी. ते त्यांनी बाहेर सोडलं. मग बाकीच्या तीन आचळांना हात घातला, आणि वाडग्यात धार वाजायला लागली. चरर चरर. रिकाम्या म्हटलेल्या कासेतून. आम्ही तिघं उभे राहून ऐकत होतो. थांबेचना. वाडगं भरत भरत काठाला आलं, अगदी त्या पोच्यापर्यंत.

"गाय पान्हा चोरते," आबा म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

"चोरत असती तर मला कशी दिली असती? मी तर तिला परकी." बाई उठल्या, हात पुसले आणि मग फार मऊ आवाजात म्हणाल्या, "आबा, हात बघू तुमचा."

आबांनी हात मागे घेतला. लहान मुलं घेतात तसा. बाईंनी तो धरला आणि अंगठ्याच्या बुडाशी दाबलं. आबांचा चेहरा पिळवटला.

"कधीपासून आहे हे?"

"जुनं आहे," आबा म्हणाले. "फार जुनं. तेवढं चालायचंच."

"मुठीला जोर नाही तुमच्या. वरवरचं निघतं, खोलातलं आत राहतं, आणि तिथेच दगडी धरते. लेपाचा दोष नाही, लावणाऱ्याचाही नाही." बाईंनी त्यांचा हात सोडला. "मला एवढंच कळत नाही. दुखणं जर इतकं जुनं, तर आधीच कशी नाही झाली दगडी? इतकी वर्षं कास रिकामी करत कोण होतं?"

आबा वाडग्याकडे बघत होते. भरलेलं वाडगं, रोज सकाळी भरायचं तेवढंच. मग त्यांनी ओठ हलवले.

"मांजर," असं काहीतरी म्हणाले, आणि मटकन खाली बसले, शेणामुताची पर्वा न करता.

मला तेव्हा कळलं, आणि कळलं तशी मी तिथून निघून आले. मशीनवर बसले, पण पायडलवर पाय पडेना. आबा उठले की काकी बसायची. अंगठा निकामी झालेला तिने त्यांच्याआधी ओळखला असणार. बायकोला नवऱ्याचं दुखणं आधी कळतं. ती सांगू शकली असती, अहो, तुम्हाला आता जमत नाही, उठा, मी काढते. मग आबा उठले असते, आणि उठून गेले कुठे असते? त्यांच्याजवळ तो हात सोडून दुसरं होतं काय? म्हणून तिने मांजर पाळलं. नवऱ्याची उणीव मांजराच्या नावावर खपवली. त्याची थट्टा ऐकून घेतली, बोलणी ऐकली, लाथेने उडवलेलं भांडं धुतलं, आणि मी अर्धवट ठेवत नाही म्हणत पुन्हा खाली बसली. आणि आम्ही सगळे हसत राहिलो.

बाईंनी इंजेक्शनं दिली, रोज येऊन गेल्या. सून पुन्हा गोठ्यात आली, पुन्हा लाल झाली. ठिपकी वाचली, चारा खायला लागली. पण ते आचळ गेलं. सूज उतरली तरी आतून कडकच राहिलं, त्यातून थेंब येईना. बाई म्हणाल्या, "दोन दिवस आधी नीट रिकामी झाली असती तर..." आणि आबांचा चेहरा बघून पिशवी आवरायला लागल्या. गाय आता तीन आचळांची.

नंतरचं मला सुनेनेच सांगितलं. आबांनी तिला बोलावलं म्हणे. मग विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"नाही. मला वाटायचं मांजरासाठीच."

"तिने तुला एकटीला काही सांगितलं होतं?"

"तुमच्यासमोर म्हणाल्या तेवढंच. मांजराचं दूध चुकवू नका."

"मग का चुकवलंस?"

"तुम्ही नको म्हणालात."

यात तिचा टोमणा नव्हता. तिला टोमणे येत नाहीत. जे झालं ते तिने सांगितलं. आबा म्हणाले, "मी तुझ्या हाताला नाव ठेवलं. चुकलं माझं, पोरी." सासऱ्याने असं म्हटल्यावर हिला रडू फुटलं, आणि रडत रडत ती काय म्हणाली ऐका. म्हणाली, "उद्यापासून धार तुम्हीच काढा, आबा. मी मागून मांजराचं काढीन."

मला हे सांगताना तिचे डोळे पुन्हा भरले. मीच विचारलं, "मग काय म्हणाले?"

"म्हणाले, नको. ती करायची तेव्हा मला ठाऊक नव्हतं, म्हणून चालून गेलं. आता कळल्यावर मी रोज त्या बादलीत तोंड कसं बघू? आणि धारेला बसायचं स्टूल माझ्याकडे सरकवलं."

आता धार सून काढते. तिच्या हातालाही ठिपकी पान्हा सोडते, खळखळ करत नाही. आबा गोठ्याच्या दारात बसतात. हात मांडीवर ठेवून नुसते ऐकतात.

काल सकाळी ते माझ्या पायरीवर आले. हातात ते जर्मनचं वाडगं, त्यात दूध, चांगलं, स्वच्छ, तीन आचळांतलं. मांजर कुंडीशी उन्हात लोळत होतं. आबा हळूहळू खाली बसले आणि वाडगं त्याच्यापुढे ठेवलं.

"घे गं मावशी," म्हणाले. "शेवटचं आहे. दाट आहे."

मांजराने मान वर केली, वास घेतला, आणि पुन्हा आडवं झालं. त्याचं पोट माझ्याकडच्या बशीने भरलेलं होतं. आबांनी वाडगं आणखी जवळ सरकवलं. त्याने तोंड फिरवलं.

"पी की. एकदा तरी पी. तिने सांगितलं होतं, चुकवू नका म्हणून." मग आवाज खाली गेला. "आणि मी तुझ्यावर जळत राहिलो."

मी खिडकीतून बघते आहे हे त्यांना ठाऊक होतं. मान न वळवता त्यांनी विचारलं, "तुझ्या खिडकीतून सगळं दिसतं. खरं सांग, ती काय करत होती ते तुला कधी दिसलं होतं का?"

खोटं बोलले असते तर त्यांना बरं वाटलं असतं की वाईट, ते मला ठरवता येईना. म्हणून खरं सांगितलं.

"रोज दिसत होतं, आबा. पण मलाही मांजरच दिसत होतं."

त्यांनी मान हलवली. ऊन पायरीवरून सरकलं, दुधावर साय धरायला लागली, एक माशी काठावर येऊन बसली. आबांनी ती हाकलली आणि वाडग्याच्या काठाचा तो पोचा अंगठ्याने चोळत बसले, जणू चोळून तो सरळ होणार होता. पण अंगठ्याला जोर नव्हता. मी मशीनवर घेतलेला ब्लाऊज तसाच ठेवला आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले.